शिक्क्यात न मावलेली ओळ

शिक्का करून घ्यायची कल्पना बाईंचीच. दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत त्यांना तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं रोज साठ-साठ कार्डांवर एकच शब्द लिहून त्यांचा अंगठा कामातून जायची वेळ आली होती. शब्द होता 'निरंक'. कचेरीच्या कागदांत ज्या रकान्यात दाखवण्यासारखं काही नसतं तिथे लिहितात, तोच. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वर बाटलीतल्या द्रावणाचे दोन थेंब, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एकच रेघ उमटली तर निरंक. दोन उमटल्या तर कार्ड लाल पेनाने खुणावून डॉक्टरांकडे. साठातली अठ्ठावन्न कार्डं निरंकच असायची.

कार्डावर ते लिहायचा चौकोन एवढासा. शिक्केवाल्याने बाईंनी दिलेला मजकूर वाचला आणि मान हलवली.

"बाई, दोन ओळी नाही मावायच्या. अक्षर इतकं बारीक केलं तर शाई भरून नुसता काळा डाग उठेल. एक ओळ काढा."

मजकूर असा होता: वर 'निरंक', खाली 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासा'.

"खालची काढ," बाई म्हणाल्या. "ते मी तोंडी सांगेन."

आणि सांगायच्याही, हे त्यांच्या बाजूने आधीच बोलून ठेवलं पाहिजे. बायका आत येऊन स्टुलावर बसायच्या, कार्डावर शिक्का बसायचा, की बाईंची टकळी सुरू. "हे बघ, निरंक म्हणजे दुसरी रेघ नाही. रोग नाही असं नव्हे. ही पट्टी रोग शोधत नाही. रोग अंगात शिरला की अंग त्याच्याशी भांडायला उठतं, त्या भांडणाची खूण ती शोधते. भांडण सुरू व्हायला कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. तोवर तो मेला आत पाय पसरून बसलेला असतो आणि पट्टी खुशाल सांगते, घरात कुणी नाही. म्हणून विचारते, गेल्या तीन महिन्यांत तुझा किंवा नवऱ्याचा बाहेर कुठे संबंध आला असेल का?"

"अगं बाई! काहीतरीच काय!" हे ठरलेलं उत्तर.

"नसेल आला. तरी तीन महिन्यांनी ये."

"तुमचं बरंय हो, तुम्हाला नवराच नाही!"

"म्हणून तर धडधडीत विचारता येतं," बाई म्हणायच्या, आणि खोलीत हशा पिकायचा. दहातल्या सहाजणी तीन महिन्यांनी खरोखर यायच्या. सगळा दवाखाना बाईंना 'निरंकबाई' म्हणायचा, तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. चार वर्षांपूर्वी शिक्क्याचं रबर झिजून 'र'वरचं टिंब गेलं. तेव्हापासून कार्डावर 'निरक' उमटायला लागलं. "बाईंचं टिंब हरवलं, कुणाला सापडलं तर आणून द्या," असं कंपाउंडर महिनाभर सगळ्यांना सांगत फिरत होता. नवीन शिक्का करून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं.

पुरुषांचा मामला वेगळा होता. त्यांच्यासाठी भिंतीत एक खिडकी पाडली होती, हात आत जाईल एवढीच, तोंड दिसू नये म्हणून. तोंड दिसलं तर पुरुष येत नाहीत, असा मोठ्या डॉक्टरांचा अनुभव होता. बाहेर रांग, आत बाई. खिडकीतून एक हात यायचा, बाई बोटाला टोचायच्या, हातात नंबराचं कार्ड असायचं, त्याच नंबराची पट्टी ट्रेमध्ये. नावगाव काही नाही. ठेकेदारांच्या टोळ्या यायच्या तेव्हा तर तासाभरात चाळीस हात. त्या हातांना खिडकीतून ओरडून काय सांगणार? मागे सगळी रांग कान टवकारून उभी. म्हणून टोळी असली की बाई मुकादमाला बोलावून सांगायच्या, "तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा घेऊन ये." मुकादम "हो हो बाई" म्हणायचा. तीन महिन्यांनी टोळी कुठल्या कुठे गेलेली असायची.

बाईंची एक धाकटी बहीण होती, पंधरा वर्षांनी धाकटी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, त्यामुळे नावाला बहीण आणि हिशेबाला लेक. तिला बाई छकू म्हणायच्या. छकू छत्तीस वर्षांची झाली, दोन तासांच्या अंतरावरच्या गावात एका हॉटेलच्या धुलाईघरात वाफेच्या इस्त्रीवर काम करायला लागली, तिच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा पानाएवढा डाग पडला, तरी ती छकूच. नवरा पुलांच्या कामावर वेल्डर. वर्षातले आठ महिने बाहेर, चार महिने घरी. माणूस गरीब, कमी बोलणारा. बाई त्याला चिडवायला "जावईबापू" म्हणत आणि तो लाजून हसे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. त्यानंतर छकूने तो विषयच बंद केला होता.

तर ती छकू एके दिवशी सकाळी अकरा वाजता न सांगता तपासणीच्या खोलीत येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. बाईंच्या हातातली सुई खाली पडली.

"कितवा?"

"अडीच महिने. आत्ता डॉक्टरला दाखवूनच आले. ठोके पण ऐकले, ताई!"

बाईंनी तिला तिथेच कवटाळलं. स्टुलावर बसलेल्या बाईने न विचारता दोघींकडे बघून डोळे पुसले. मग बाई भानावर आल्या, म्हणाल्या, "आलीच आहेस तर रक्त देऊन जा, दिवसांत करायच्या सगळ्या तपासण्या इथेच उरकू." छकूने बोट पुढे केलं. पंधरा मिनिटं दोघी बोलत बसल्या. पाळणा कुठला, नाव काय, जावईबापू काय म्हणाले. जावईबापू दोन महिने घरी राहून परवाच पुन्हा पुलावर गेले होते आणि फोनवर ऐकून नुसते रडले होते. सगळ्या पट्ट्यांवर एकेक रेघ. बाईंनी शिक्का उचलला आणि मारला.

"निरक!" छकू खिदळली. "ताई, तुझं टिंब कुठे गं गेलं?"

आणि इथे बाईंच्या जिभेवर ते वाक्य आलं. रोज साठ वेळा येणारं, सवयीचं. पण ते वाक्य एकटं येत नव्हतं, त्याच्या आधी तो प्रश्न होता. गेल्या तीन महिन्यांत नवऱ्याचा बाहेर कुठे. समोर छकू कार्डाकडे बघून हसत होती, एक हात आत्तापासूनच पोटावर. नऊ वर्षांनी हसत होती. तिला आता हे विचारायचं? त्या गरीब माणसावर बोट ठेवायचं? आणि खरं सांगायचं तर बाईंच्या मनात दुसरंही एक होतं: असलं काही आपल्या छकूच्या घरात नसतंच. ते स्टुलावरच्या बायकांच्या घरात असतं.

"लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस," बाई म्हणाल्या.

छकूने कार्ड पर्समध्ये नीट घडी करून ठेवलं. पुढे सातव्या महिन्यात तिच्या गावच्या इस्पितळात नर्सने विचारलं, "रक्ताची दुसरी तपासणी झाली का?" छकूने कार्ड काढून दाखवलं, "झालीये की, माझ्या बहिणीनेच केलीये, ती त्यातलीच आहे." नर्सने शिक्का बघितला, बाहेरची गर्दी बघितली, आणि तिला पुढे सोडलं. हे छकूने बाईंना कौतुकाने फोनवर सांगितलं. "तुझ्या शिक्क्याचा काय वट आहे गं ताई! रांगेत उभंच राहावं लागलं नाही." बाईंना तेव्हा ते न सांगितलेलं वाक्य आठवलं. उद्या सांगू, म्हणाल्या. उद्या दुसऱ्याच गप्पा निघाल्या.

आठवा लागला होता. रविवारी दुपारी फोन आला. छकूचं नेहमीचं पाल्हाळ चाललं होतं. पाय सुजलेत, अंगठी निघत नाही, बाळ हल्ली पूर्वीसारखं लाथा मारत नाही, शहाणं झालंय बहुतेक.

"आणि हात पण छान झालेत आता माझे."

"हातांना काय झालं होतं?"

"अगं, सांगायचंच राहिलं. दोन महिन्यांपूर्वी धुलाईघरात नवा साबण आला ना, त्याने तळहातांवर ठिपके उठले होते. तांबूस. तळपायांवर पण. खाज नाही, आग नाही, नुसते ठिपके. आपोआप गेले."

बाई खुर्चीतून उठल्या.

"तळपायांना साबण कसा लागला?"

"तू पण ना ताई, पोलिसासारखं विचारतेस."

"छकू, तू तिथे बूट घालतेस. तळपायांना साबण कसा लागला?"

न खाजणारे ठिपके, तळहातांवर आणि तळपायांवर. पंचवीस वर्षं हे चित्र त्यांच्या खोलीच्या भिंतीवर लावलेलं होतं. खाली नाव होतं सिफिलिस. जुनी माणसं गरमी म्हणायची. पोटातल्या बाळापर्यंत पोचतो तो.

सोमवारी पहिल्या बसने बाई निघाल्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या, एक सुई, द्रावणाची बाटली. छकूने दार उघडलं ती हसतच, आणि बाईंचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. बाईंनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, ओट्यावरचा चहाही घेतला नाही. बोटाला टोचलं. थेंब टाकला.

"काय शोधतेस?" छकूने विचारलं.

"थांब पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. ज्या रेघेची भीती ती आधी उठली, चौथ्या मिनिटाला, गडद, ठसठशीत. पट्टी चालते हे सांगणारी नेहमीची रेघ मागाहून सावकाश आली. बाईंनी दुसरी पट्टी काढली. तिच्यावरही तेच. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. बहिणीकडे बघायची हिंमत होईना.

"दोन रेघा आहेत," छकू म्हणाली. तिला इतपत कळत होतं. "पण माझं तर निरंक होतं, ताई. तूच शिक्का मारलास."

"तेव्हा रोग नुकताच शिरला असणार. अंगाला पत्ताच नव्हता. म्हणून रेघ उमटली नाही."

"मग पट्टी खोटं बोलली?"

"नाही गं. पट्टीला जेवढं दिसलं तेवढं तिने दाखवलं."

छकूने पोटावर हात ठेवला. "याला काही होणार नाही ना?" नवऱ्याचा विचार तिच्या मनात अजून पोचलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "ऊठ. आधी इस्पितळ."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. फिरवता फिरवता त्या बोलायच्या थांबल्या. मग पडद्यावर बोट ठेवून बाईंना दाखवलं, बाळाचं यकृत सुजलेलं आहे, पोटात पाणी साठलंय. छकूला त्याच दुपारी कमरेत इंजेक्शन दिलं. आठवड्याने आणखी एक, मग आणखी एक, असं ठरलं.

"उशीर झालाय," डॉक्टरीणबाई दाराबाहेर हळू आवाजात म्हणाल्या. "अगदीच झालाय असं नाही. पण सातव्या महिन्यात तपासलं असतं तर एका इंजेक्शनात भागलं असतं. दुसरी तपासणी का नाही झाली हो? तुम्ही याच खात्यातल्या ना?"

बाई आत जाऊन छकूच्या उशाशी बसल्या.

जावईबापू दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पोचला, कामाच्या कपड्यांतच, बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. छकू आत झोपली होती. व्हरांड्यातल्या बाकापाशी बाईंनी त्याला गाठलं. एवढी वर्षं या माणसाला त्या चिडवत आल्या होत्या; आता त्याची मानगूट धरावी असं वाटत होतं.

"काय केलंस?" त्या म्हणाल्या. "कुठे गेला होतास, कुणाकडे गेला होतास, मला त्याच्याशी काही घेणं नाही. पण घरी यायच्या आधी एकदा तपासून का नाही घेतलंस? माणूस आहेस का कोण?"

तो खाली बसला. नजर बुटांवर.

"एकदाच, ताई. कामाच्या शेवटच्या आठवड्यात. सगळे गेले, मी पण गेलो." मग त्याने मान वर केली. "पण तपासलं होतं. आईशप्पथ तपासलं होतं. त्याशिवाय मी हिला हात लावला असता का?"

"खोटं बोलू नकोस."

त्याने पाकिटातून कार्ड काढलं. कोपरे मऊ झालेले, चौघडी घातलेलं. बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं. नंबर सतरा. ठेकेदाराचं नाव. आणि चौकोनात, वाकडा बसलेला, बिनटिंबाचा शिक्का.

निरक.

बाईंना वाचायला वेळ लागला नाही. तरी त्या कार्डाकडे बघत राहिल्या.

"टोळी परत आली तेव्हा ठेकेदाराने सगळ्यांना तुमच्याच दवाखान्यात आणलं होतं," तो म्हणाला. "मी रांगेत होतो. आत तुम्ही आहात मला माहीत होतं. बाहेर आवाज ऐकू येत होता तुमचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हटलं, हात ओळखला तर? पण तुम्ही टोचलंत आणि 'पुढचा' म्हणालात."

त्याचे हात मांडीवर पडले होते. वेल्डरचे हात, काळ्या बारीक डागांनी भरलेले. त्या दिवशी तसेच त्रेचाळीस हात खिडकीतून आत आले होते.

"त्याला किती दिवस झाले होते? त्या... त्या गोष्टीला?"

"आठ-नऊ दिवस."

"आठ-नऊ दिवसांत काय दिसणार रे!" बाईंचा आवाज फुटला. "तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं! मुकादमाला सांगितलं होतं मी!"

"मुकादम काही बोलला नाही. कार्डावर काही लिहिलेलं नाही." तो भांडत नव्हता. नुसतं सांगत होता. "महिन्याभराने एक छोटी जखम झाली होती. दुखत नव्हती. पंधरा दिवसांत बरी झाली. मी म्हटलं, आपण तर निरंक आहोत. ताईंनीच तपासलंय. तुमच्यावर जेवढा विश्वास, तेवढा माझा कुणावर नाही, ताई."

बाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. त्याच्यावरचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही; तो गेला नव्हता, पण आता तो टाकायला जागा उरली नव्हती. आतून नर्सने हाक मारली तेव्हा दोघंही एकदम उठले.

पाचव्या दिवशी सकाळी बाळ हललं नाही. छकूने दुपारपर्यंत वाट बघितली, गार पाणी प्यायली, कुशीवर झोपली, त्याच्याशी बोलली. मग तिने बाईंचा हात घेऊन पोटावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, तू बघ." बाईंनी हात तसाच ठेवला. हाताखाली काहीही हललं नाही.

मुलगी होती. डोक्यावर भरपूर काळे केस. नर्सने तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आणलं तेव्हा वेल्डरने ती दोन्ही हातांवर घेतली आणि तो उभाच राहिला, कुणी घ्यायला गेलं तरी देईना. शेवटी छकूने बिछान्यावरून हाक मारली. "आण इकडे." तिने कपडा बाजूला करून तिचे तळहात बघितले, तळपाय बघितले. मग परत नीट गुंडाळलं.

संध्याकाळी तो खाली गेल्यावर छकू बोलली.

"तो सांगत होता, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तू दवाखान्यात सगळ्यांना हे सांगतेस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?"

बाईंनी कितीतरी उत्तरं जुळवून ठेवली होती. शिक्केवाला, मुकादम, गर्दी, नर्स. एकही तोंडातून निघालं नाही.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "तुला तसलं विचारायची लाज वाटली मला. तू इतकी खूश होतीस."

छकूने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई रात्रभर स्टुलावर बसून होत्या, पण तिने पुन्हा तोंड इकडे केलं नाही. घरी सोडल्यावर तिने नवऱ्याला पुलावर पाठवून दिलं आणि बाईंचे फोन घेणं बंद केलं. बाई रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायच्या, पूर्ण वाजून थांबेपर्यंत कानाशी धरायच्या, ठेवून द्यायच्या.

दवाखान्यात त्या पूर्वीसारख्याच वेळेवर यायच्या. शिक्का वापरायच्या आणि खाली पेनाने ती ओळ लिहायच्या, प्रत्येक कार्डावर, अंगठा दुखला तरी. गर्दी तुंबायची. कंपाउंडर म्हणाला, "बाई, नवीन मोठा शिक्का करून घेऊ या का, दोन ओळींचा?" बाईंनी पुढचं कार्ड ओढलं. स्टुलावरच्या बायकांशी हास्यविनोद बंद झाला होता. खिडकीतल्या हातांना मात्र त्या अजूनही काही बोलत नव्हत्या. तिथे लिहिण्यावरच भागवायच्या. रांगेसमोर तो प्रश्न मोठ्याने विचारायला जीभ उचलत नव्हती.

सहा आठवडे झाले असतील. मंगळवार होता. गोदीतल्या हमालांची टोळी आली होती, खिडकीबाहेर तीसेक माणसं. बाई मान खाली घालून काम करत होत्या. हात यायचा, टोचायचं, पुढचा. हात यायचा, टोचायचं, पुढचा.

एक हात आला. बाईंनी बोट धरलं, सुई उचलली, आणि त्यांची नजर मनगटावर गेली. पानाएवढा चटक्याचा डाग.

त्यांनी बोट सोडलं नाही. खाली वाकून खिडकीतून बघायचा प्रयत्न केला, पण खिडकी तशी बांधलेलीच नव्हती. दिसला तो राखाडी कोटाचा एक तुकडा.

"आत ये ना," बाई म्हणाल्या. "बायका आत येतात."

"इथेच बरं आहे," बाहेरून आवाज आला. "धुलाईघराला कार्ड हवंय, पुन्हा कामावर घ्यायला. टोच."

बाईंनी टोचलं. तिला पुढे सरकायला सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि तीही सरकली नाही. हात खिडकीच्या फळीवर तसाच होता. बाई पंधरा मिनिटं त्या हाताकडे बघत बसल्या. मागची माणसं चुळबुळत राहिली. पहिल्या पट्टीवर दोन रेघा आल्या. इंजेक्शनांनी रोग गेला तरी ही पट्टी बहुतेक तिला आयुष्यभर दोनच दाखवणार होती, हे तिला इस्पितळात सांगितलेलं होतं, तसं डॉक्टरांचं पत्रही तिच्याकडे होतं. बाकीच्या रोगांच्या पट्ट्यांवर एकेकच रेघ.

बाईंनी कार्ड ओढलं, पहिल्या पट्टीपुरतं लाल पेनाने 'उपचार झाले' लिहिलं, बाकीच्यांसाठी शिक्का मारला, खाली पेनाने ओळ लिहायला लागल्या.

"लिहू नकोस," छकू म्हणाली. "सांग."

पेन थांबलं.

"सगळ्यांना सांगतेस ना, तसं सांग. प्रश्नासकट."

बाईंनी खिडकीच्या फळीला तोंड लावलं आणि हळूच सुरुवात केली, "गेल्या तीन महिन्यांत..."

"मोठ्याने. मागच्यांना पण ऐकू जाऊ दे."

बाईंनी बहिणीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मग पंचवीस वर्षांत त्या खिडकीतून कधी बोलल्या नव्हत्या इतक्या मोठ्याने त्यांनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत तुझा किंवा नवऱ्याचा बाहेर कुठे संबंध आला होता का?"

बाहेर तीस माणसांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"आला होता," छकू म्हणाली. "त्याचा. त्याआधीच, पण आला होता. पुढचं सांग."

"निरंक म्हणजे दुसरी रेघ नाही. रोग नाही असं नव्हे. तीन महिने पुरे झाले की पुन्हा तपासायला ये."

"पुन्हा सांग."

बाईंनी पुन्हा सांगितलं. हात मग खिडकीतून मागे गेला, कार्ड घेऊन. फळीवर रक्ताचा एक बारीक ठिपका राहिला होता, तो पुसायच्या आतच पुढचा हात आत आला.